हेल्वे म्हणजे पापुद्रा

डिसेंबरात टालिनचा सूर्य
साडेतीनच्या आत दुकान आवरतो.
मग आमच्या इमारतीत एकच सूर्य उरतो,
दोनशे चौदा नंबरच्या खोलीत,
पत्र्याच्या पेटीतला, झेनॉनचा,
पंख्यासकट घरघरणारा.
त्याला तापायला वीस मिनिटं लागतात.
तोवर मी काचा धुते.

आधी साबण, मग ॲसिटोन, मग अल्कोहोल.
चिमट्याने, कडेला धरून.
तीस वर्षं धुते आहे
आणि यांच्यावर कधी कोणी जेवलं नाही.

मग साडेचारशे अंशांच्या तव्यावर
टायटॅनियमचं द्रावण फवारायचं.
चर्र होता कामा नये.
थेंबातलं पातळ ते वाटेतच उडून जावं
आणि काचेला टेकावं ते फक्त राहिलेलं.
एक फवारा. अर्धं मिनिट थांबा. पुन्हा.
घाई केली की भुकटी बसते, पदर बसत नाही.

शेजारी सिलिकॉनचा एक तुकडा, साक्षीला.
काच काही बोलत नाही, तो रंग सांगतो:
आधी वाळल्या गवताचा, मग जांभळा, मग निळा.
जांभळ्यावर मी हात थांबवते.
आई मुरांब्याचा थेंब गार बशीवर टाकून
बशी तिरपी करून बघायची,
तिलाही थर्मामीटर खपायचा नाही.

"हेल्वे, किती?" टाव्हेत विचारतो.
"साठ."
तो तुकडा घेऊन खाली मोजायला जातो,
तीन जिने चढून परत येतो:
"एकसष्ट पूर्णांक चार."
धापा टाकत, जरासा हिरमुसलेला.

साठ नॅनोमीटर.
दुधावरची साय यापुढे गोधडी.
आमच्या भाषेत हेल्वे म्हणजे पापुद्रा,
बर्फाचा सुटा, हलका कण.
बापाने ठेवलं, मला न विचारता.
मी आज चौऱ्याऐंशी किलो आहे.

वरचा थर टाव्हेतचा, सेंद्रिय.
बाटलीत नारिंगी,
काचेवर वाळला की मेजपोशावर सांडलेली वाइन.
हवेला भितो, ओलीला भितो,
आणि ज्याच्यासाठी केला त्या उजेडालाही.
नायट्रोजनच्या पेटीत काच गरगर फिरते,
थेंब पसरतो,
आणि टाव्हेत पेटीबाहेर श्वास धरून उभा.
माझा थर मला पुरून उरेल.
त्याचा मार्च गाठला तर नशीब.
पण दोघे जिथे टेकतात तिथेच सगळं आहे:
उजेड आत येतो, एक कण सुटतो,
आणि सुटल्या सुटल्या माघारी वळू बघतो.
वळायच्या आत त्याला ओढून घ्यायचं.

गुरुवारी एकशे सतरा नंबरची काच गेली.
सहापैकी पहिल्या पाच चौकोनांत नुसती सरळ रेघ,
सहावा त्याने मोजलाच नाही.
टाव्हेतने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
मला ठाऊक होतं तिथे काय आहे.
थंडीने बोटं फुटली होती, हातमोजे काढले होते,
काच निसटली आणि मी ती झेलली. अंगठ्याने.
मग पुन्हा न धुता तव्यावर ठेवली.
का, ते विचारू नका. सहा वाजले होते.

धूळ बघायला लागतो
त्याहून बराच वेळ तो बघत राहिला.
एकामागे एक वळलेल्या जांभळ्या रेघा,
साठ नॅनोमीटरखाली
माझं सगळं आयुष्य ओळखता येईल इतक्या स्पष्ट.
मग वही ओढली आणि लिहिलं: धूळ.
"धूळच असणार," मोठ्यानेही म्हणाला.
कॉफी त्याने आणली. साखर विसरला.

काच मी खिडकीत ठेवली.
जानेवारीच्या सतरा तारखेला
समोरच्या छपराच्या वरून
खरा सूर्य आला, तिरपा, कपाटामागून डोकावल्यासारखा.
सहज म्हणून सहाव्या चौकोनाला चिमटे लावले,
अंगठ्याच्या जरा बाहेर होता तो.

शून्य पूर्णांक एक्केचाळीस व्होल्ट.

टाव्हेतला बोलावलं नाही.
वहीत धूळ लिहिलंय, धूळच राहू दे.
मीटर मात्र चालू ठेवलं,
आणि डबा उघडून, उभ्यानेच,
आकडा उतरत जाताना बघत
राईची भाकरी खाल्ली.